हलक्या गाडीचा साहेब

आता माझ्याच शहाणपणाची गोष्ट मला सांगायची, तर एक कप जास्त लागणार. ओता. आणि लगेच दात काढू नका, हसायची जागा मी दाखवतो. शेण तसं मी आयुष्यात बऱ्याचदा खाल्लंय. पण पन्नास-साठ बायांच्या देखत, गळ्यात हार घालून खाल्लं ते एकदाच!

दुष्काळाची वर्षं होती. विहिरी तळाला गेलेल्या. भूमचा बाजार भरायचा तो नुसता माणसांचा. मी बार्शीचं कॉलेज अर्ध्यात सोडून आलो होतो. का सोडलं? शिकवणाऱ्यांना शिकवता येत नव्हतं, आणि हे मी वर्गात उभं राहून त्यांना सांगितलं. मग पुढं काय राहतं?

गावचे म्हातारे रोज टोमणा मारायचे, "चल की खडी फोडायला, कॉलेजवाल्या." मी फाडकन म्हणायचो, "तुम्ही जन्मभर काय फोडलंत ते आधी सांगा!" आई काहीच म्हणायची नाही. ती भाकरी बांधून दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिचं ते गप्प राहणं मला सोसवायचं नाही, म्हणून मी घरी जायचंच सोडलं. भूमला एसटी स्टँडसमोर एक गॅरेज होतं, तिथंच पडून असायचो. तेही धड नाही. बाकावर बसलं की पाय हलायला लागायचा, पायानं बाक हलायचा, आणि शेजारच्याचा चहा सांडायचा.

त्या गॅरेजात करीमचाचा यायचे. सोलापूरकडून जुन्या मोटारी आणून विकायचे. येताना परदेशी मोटारींची जुनी मासिकं आणायचे, सुटे भाग गुंडाळायला. ती मी वाचून काढली. कॉलेजात न कळलेलं इंग्रजी त्यात बरोबर कळायचं! हलकी गाडी बरी का दांडगी, यावर त्यात पानंच्या पानं भांडणं असायची. मला ती तोंडपाठ.

आणि नेमकं त्याच वेळी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाला मोटार घ्यायची हुक्की आली. पाऊस नाही, चारा नाही, पण मोटारीचा ठराव एकमतानं पास! संघाचे चेअरमन म्हणजे अण्णा, दुष्काळी कामावरचे मुकादमही त्यांच्याच शब्दातले. वय साठ, पोट सत्तर.

चाचांनी दोन गाड्या आणून उभ्या केल्या. एक काळी, अमेरिकन, आठ सिलिंडरची. कुणा जहागीरदाराची असावी. नाक एवढं लांब की पुढचा दिवा एका दुकानापुढं आणि मागचा दुसऱ्या! दुसरी तांबडी, दोनच दारांची, बुटकी, जमिनीला चिकटलेली. शर्यतीच्या जातीची. मी तिच्याकडं बघितलं आणि माझा हलणारा पाय थांबला. खरंच थांबला!

अण्णा दोन डायरेक्टर घेऊन आले. काळीचं दार लावून बघितलं.

"गाडी अशी जड पायजे. दार कसं ढप्प वाजलं! लोकांना कळलं पायजे कोण आलं."

"अण्णा, गाडी घेताय का म्हैस?" मी म्हणालो.

डायरेक्टर अण्णांच्या तोंडाकडं बघायला लागले. अण्णा हसले नाहीत, म्हणून तेही हसले नाहीत.

"तू कोण रं?"

"गाड्यांतलं कळणारा माणूस. काळीच्या इंजिनात ताकद लई, कबूल. पण निम्मी ताकद तिचं स्वतःचं धूड ओढण्यात जाते. तांबडीला ताकद कमी, पण ओझंच नाही! वळणावर ही चिकटून जाते, ती लोळते. ब्रेक मारला तर ही इथं थांबते, ती पार ईट गावात!"

"करीमचाचा, खरं का?"

"मेरेकू क्या अण्णा, ये फूल है, वो हत्ती है. दोनो बेचनेकेच वास्ते लाया."

अण्णांनी पान थुंकलं. "ठीक. ईटच्या रस्त्यानं पळवा दोन्ही. काळी चाचा चालवतील, मी मागं बसतो. तांबडी ह्या दीडशहाण्यानं चालवायची. ईटला तांबडी आधी पोचली तर तांबडी घेऊ, अन् ह्यालाच ड्रायव्हर ठेवू. न्हाय पोचली, तर मी सांगंल ते काम करायचं. कबूल?"

कबूल? अहो, संघाची पक्की नोकरी! खाकी ड्रेस! माझी खडी टळणार होती, आणि आईला म्हणता येणार होतं की टाक तो हातोडा आता. मी चाचांचा काळा गॉगल ओढून घेतला आणि तांबडीत घुसलो. घुसलोच म्हणतो, कारण तिच्यात बसता येत नाही, घुसावं लागतं.

काय पळाली हो! काळी मागं नुसती धुळीचा ढग होऊन राहिली. तांबडीच्या काचा वर चढत नव्हत्या, सगळा फुफाटा माझ्या तोंडावर. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. पण ऐकतोय कोण? मी आपला एकटाच ओरडतोय, "बघा म्हाताऱ्यांनो, बघा!"

आणि रस्ता संपला.

संपला म्हणजे, पुढं दुष्काळी कामाची नवी सडक सुरू झाली. नुसती खडी पसरलेली, दाबलेली नाही. मासिकात खडीचं काही लिहिलेलं नव्हतं! पुढची चाकं वर चढली, पोट टेकलं, आणि मागची चाकं हवेत गरगर गरगर.

तेवढ्यात ओरडा झाला, "आलं! पाहणीवालं आलं!"

त्या वर्षांत आमच्याकडं मोटार म्हणजे सरकारी पाहणीच. दुसऱ्या कामाला मोटार येतच नव्हती. खडी फोडणाऱ्या बाया हातोडे घेऊन गाडीभोवती गोळा झाल्या. सगळ्यांनी धुळीसाठी पदरानं तोंडं बांधलेली. मुकादम हार घेऊन पळत आला. तीन दिवस ओल्या पोत्यात जपलेला झेंडूचा हार! कामावर प्यायला पाणी नव्हतं, हाराचं पोतं मात्र ओलं.

मी उतरायला गेलो. आता ती गाडी इतकी बुटकी की एक पाय बाहेर टाकला, आणि मग दोन्ही हात जमिनीला टेकून गुडघ्यांवरच बाहेर आलो.

"अगं बया! साहेब पाया पडतेत!"

"आजवर एकबी साहेब असा आला न्हाय गं!"

आता इथं सांगायचं ना, बायांनो, मी साहेब नाही? सांगायला तोंड उघडलं आणि हार गळ्यात पडला. मनात म्हटलं, साहेब राहिलो तर गाडी ढकलायला माणसं मिळतील. काळी मागून येतेय. दोन मिनिटं साहेब व्हायला काय हरकत आहे?

"चला, गाडी ढकला!" मी म्हणालो.

"आधी गाऱ्हाणं, मग गाडी." एक पिकल्या केसांची बाई पुढं झाली. तिनं एक लाकडी खोकं दाखवलं. त्याला तळ नाही. त्यात खडी भरायची, भरलं की एक माप. "साहेब, ही वरची फळी मुकादमानं मागनं ठोकून खोकं उंच केलंया. दिसभर फोडतो, पर खोकं भरतच न्हाय."

"ते... वाऱ्यानं खडी उडू नये म्हणून, साहेब," मुकादम म्हणाला.

वाऱ्यानं खडी! माझं डोकंच फिरलं. "काढा ती फळी!"

"साहेब, लेखी हुकूम?"

"तोंडी हाच लेखी! काढा!"

मुकादमानं घाबरत हातोडीनं फळी उचकटली. बायांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यावर थांबावं की नाही माणसानं? पण टाळी एकदा चढली की उतरत नाही. त्यात त्या बाईनं विचारलं, "साहेब, सरकारनं गाडी लईच बारकी दिली की हो तुमाला?"

"बारकी नाही, हलकी!" मी खडीच्या ढिगावर चढलो. "मोठी गाडी कशी असते सांगतो. मोठी गाडी म्हणजे आपले चेअरमन! आवाज मोठा, पेट्रोल पिणं मोठं, आणि वळण आलं की आडवी! निम्मी ताकद स्वतःचं पोट ओढण्यात जाते! आणि ही बघा, पोटात काही नाही, म्हणून पळते. तुमच्यासारखी!"

बाया हसल्या. पण बघत होत्या माझ्या मागं.

ढुम, ढुम, ढुम. आठ सिलिंडर. मी वळून बघितलं. काळी गाडी हळूहळू येऊन टेकली होती, काच खाली होती, आणि अण्णा पान चघळत ऐकत होते.

"बोला साहेब," अण्णांनी हात जोडले. "थांबलात कशाला? आडवी झाल्याच्या पुढचं सांगा."

मी खडीच्या ढिगावरून घसरत खाली आलो.

"न्हाय सांगत? मग तेवढी हलकी गाडी बाजूला घेता का? आमच्या धुडाला पुढं जायचंय."

"हलकी हाय म्हणलेत न्हवं साहेब?" पिकल्या केसांची बाई म्हणाली. "उचला गं!"

आणि बायांनी ती गाडी उचलली! ढकलली नाही, उचलली, बाज उचलावी तशी. मीही लाजेनं एक कोपरा धरला. शेजारची बाई हळूच म्हणाली, "पल्ल्या, गुडघ्यात वाक. कंबर धरंल."

पदराआड आई! गेल्याच आठवड्यात तिचं काम इकडं हलवलं होतं. घरी गेलो असतो तर कळलं असतं.

"कधी ओळखलंस?" मी विचारलं.

"गाडीतनं पाय भायर आला तवाच. ती चप्पल म्या घेतलेली हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"फळी निघूस्तवर कशाला बोलू?"

गाडी बांधावर ठेवली. काळी गाडी ऐटीत खडीवरून पुढं गेली, तिचं पोट कुठं टेकलं नाही, अण्णांचंही नाही. ईटला जाऊन, वळून, परत माझ्यासमोर येऊन थांबली. एव्हाना मी कुणाचा कोण ते मुकादमाला कळलं होतं. तो फळी घेऊन खोक्याकडं निघाला. बायांनी पुन्हा हातोडे उचलले, आणि एकीनंही हातातला खाली ठेवला नाही. अण्णांनी त्या हातोड्यांकडं बघितलं. अण्णा काय येडे होते?

"राहू दे रं मुकादम. साहेबांचा हुकूम मोडायचा न्हाय. बायांना बिनफळीचंच माप."

मग माझ्याकडं वळले. "मी सांगंल ते काम करायचं ठरलंय ना? मुकादम, ह्यांचं नाव मजुरांच्या मस्टरवर घ्या."

काळी गाडी संघानं घेतली. करीमचाचा गाडी विकायला आले होते, ते ड्रायव्हर म्हणून गाडीबरोबर राहिलेच. तांबडी सोलापूरला परत गेली. मी पळून जाणार होतो, पण आईनं हातात हातोडा दिला आणि पुन्हा काहीच बोलली नाही.

पावसाळा येईस्तोवर मी तिथं खडी फोडली. रोज दिवस मावळायला बायांची मापं व्हायची, त्या घरी जायला निघायच्या. मग मुकादम दगडाआडून ती फळी काढायचा, खोक्यावर ठेवायचा, चार खिळे ठोकायचा, हलवून बघायचा, आणि अदबीनं हाक मारायचा,

"या साहेब, तुमचं माप घेऊ!"