पळसटोल्यात भांडण नाही

साकोलीच्या कॉलेजात कसलाही कार्यक्रम असो, शेवटी माईकपाशी जायचे ते प्राध्यापक जागेश्वर सोनकुसरे. आभार मानण्यात त्यांचा हात धरणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात नव्हता. पाहुण्यांचे आभार, अध्यक्षांचे आभार, ज्याच्या घरून सतरंजी आली त्याचे आभार, आणि ती परत न्यायला जो येणार त्याचे आगाऊ आभार. एकदा मध्येच वीज गेली, तर सरांनी मोठ्या आवाजात, ती पाहुण्यांचं भाषण संपेपर्यंत टिकली म्हणून लाइनमनचे आभार मानले.

सर मूळचे आंधळगावचे. घरी पिढ्यान् पिढ्या कोशाच्या रेशमाचे माग. त्यामुळे स्वभावात घाई नाही, आणि धानाची शेती पाहिली ती एसटीच्या खिडकीतून. तरी पीएचडीला विषय घेतला तो असा: ‘भंडारा जिल्ह्यातील मालगुजारी तलावांच्या पाणीवाटपातील संघर्ष व त्याचे निराकरण’. मालगुजारी तलाव म्हणजे जुन्या जमीनदारांनी धानासाठी बांधलेले गावोगावचे तलाव. नोंदणी झाली तेव्हा भंडारा जिल्हा अखंड होता. पुढच्याच वर्षी गोंदिया वेगळा निघाला. नागपूरचे मार्गदर्शक म्हणाले, “सोनकुसरे, तुमचं काम अर्धं झालं.” जिल्हा एका आदेशानं अर्धा झाला खरा, पण सरांचा प्रबंध दहा वर्षं झाली तरी अर्धा होईना. त्यातलं एकच प्रकरण पूर्ण झालं होतं. ऋणनिर्देश. त्याची पानं बारा.

याचं कारण आळस म्हणावा तर तसंही नव्हतं. सरांना ‘नाही’ म्हणता येत नसे. सहलीला कोण जाणार, सर. वसतिगृहातल्या पोराला ताप आला, दवाखान्यात कोण नेणार, सर. राष्ट्रीय सेवा योजनाही त्यांच्याचकडे. दर हिवाळ्यात ते मुलंमुली घेऊन एकोडीच्या वाटेवरच्या पळसटोल्याला सात दिवसांचं शिबिर करत. तलावाची पाळ साफ करायची, नाल्या उपसायच्या, संध्याकाळी शाळेच्या पडवीत बौद्धिक. नेतृत्व या विषयावर सर दरवर्षी तेच भाषण देत आणि दरवर्षी तितक्याच मनापासून देत. गावाला ते इतके आवडत की शिबिर संपलं की बायामाणसं त्यांना एकोडीच्या फाट्यापर्यंत पोचवायला येत.

एका शिबिरातल्या पोरांनी त्यांना सागाची पाटी करून दिली होती: ‘डॉ. जागेश्वर सोनकुसरे’. पोरांना वाटलं, झालंच असेल. सरांच्या पत्नी करुणाताई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांनी ती पाटी लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवली.

“एखादा खिळा तरी ठोकून ठेवू का भिंतीत?” सरांनी विचारलं होतं.

“आधी डॉक्टर व्हा, मंग खिळा,” करुणाताई म्हणाल्या. “रिकामा खिळा पाहून लोक विचारतीन, इतं काय लावाचं हाये म्हनून. सांगाले कोन बसते?”

अखेर विद्यापीठाचं पत्र आलं. ही शेवटची मुदतवाढ. मार्चपर्यंत प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द. सर पळसटोल्यात गोळा केलेली सगळी माहिती घेऊन नागपूरला गेले. मार्गदर्शकांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

“सोनकुसरे, तुमच्या विषयात एक शब्द आहे, संघर्ष. तो मला आत कुठंच सापडला नाही.”

“सर, गावकरी म्हणतात, संघर्ष नाहीच.”

“एकाही घरात नाही? पाण्यावरून भांडण नाही असं गाव म्हणजे तिथं एक तर पाणी नसेल, नाहीतर माणसं नसतील. तुम्ही वैकुंठाचा अभ्यास केलाय. जा, आणि संघर्ष घेऊन या.”

बाजारातून वांगी आणायला सांगावं तसं ते बोलले. सर परतीच्या एसटीत पुटपुटत होते, “संघर्ष आणायचाय.” शेजारचा प्रवासी जरा सरकून बसला.

दसरा झाला होता. सरांनी स्कूटर काढली आणि पळसटोला गाठला. देवाजी गहाणे म्हणजे गावातला वजनदार माणूस. सर आलेत म्हणून त्याच्या ओसरीवर गावातला दुसरा मोठा शेतकरी भैय्यालाल कटरेही आलेला होता. सर दोघांच्या मध्ये बसले.

“देवाजीभाऊ, तलावाच्या पाण्यावरून कधी काही वाद? लहानसासुद्धा चालेल.”

“वाद? छे जी. आमी भावाभावासारखे राहातो.”

“भैय्यालालजी, तुमचं काय?”

“देवाजी म्हनते तेच लिवा जी.”

देवाजीची बायको मंदाबाई चहा घेऊन आली. देवाजी म्हणाला, “सर, भैय्यालालले म्हना, चहा घे.” भैय्यालाल म्हणाला, “सर, देवाजीले म्हना, घेतला.” सरांना ही रीत फार गोड वाटली. त्यांनी कागदावर टिपून घेतलं: परस्पर आदर.

त्या दोघांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद होतं, हे सर सोडून साऱ्या शिवाराला ठाऊक होतं. पण घरी आलेल्या माणसाला आपल्या गावाचं उणं दाखवायचं नाही, ही पळसटोल्याची रीत. त्यात सर तर जावयाहून आवडते. त्यांना भरल्या पोटी आणि चांगल्या बातमीनिशीच परत पाठवायचं, असं गावानं कोणी न सांगता ठरवलेलं. सर अकरा घरं फिरले, अकरा चहा प्यायले, आणि वैकुंठ अधिकच पक्कं झालं.

त्याच आठवड्यात गावासमोर पेच पडला. पावसानं पाठ फिरवली होती आणि उशिरा पिकणारं भारी धान लोंबी धरायच्या बेतात, गर्भात आलं होतं. तलावाचं पाणी सोडायची वेळ. हे पाणी बांधीबांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या एकेका तुकड्याला, पाळीपाळीनं देणारा माणूस म्हणजे पाणकर. जुना पाणकर पाय मोडून सानगडीला लेकीकडे पडून होता. नवा कोण, यावर देवळापुढं बैठक बसली. देवाजीच्या माणसाला भैय्यालालची बाजू हो म्हणेना, भैय्यालालच्या माणसाला देवाजीची. आवाज चढले. इतक्यात सरांची स्कूटर आली आणि सगळे एकदम गप्प झाले.

“बसा जी सर. आमचं असंच बोलनं चालू होतं.”

मंदाबाईनं सरांकडे पाहिलं, मग दोन्ही बाजूंकडे. “सरलेच करा नं पाणकर. त्याइच्या नावावर एक बांधी नाई. ते कोनाचेच नाईत.”

हे ऐकून बरं वाटावं की वाईट, सरांना कळेना. “मला शेतीतलं काही कळत नाही हो,” ते म्हणाले.

“तुमीच तं शिबिरात सांगता,” देवाजी म्हणाला, “जबाबदारी आली तं पुढारी मांगं सरत नाई. हे फक्त पोट्ट्याइले सांगाचं राहाते का जी?”

सर उभे राहिले. ‘नाही’ म्हणायलाच उभे राहिले होते. पण उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून सवयीनं आभार निघाले, आणि गावानं टाळ्या वाजवल्या.

सरांनी काम मन लावून केलं. कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून त्यांनी पाळीचा क्रम लावला तो कॉलेजातल्या हजेरीसारखा, आडनावाच्या अक्षरानं. क कटरेचा, म्हणून पहिलं पाणी भैय्यालालला. आता भैय्यालालची जमीन सगळ्यांत खाली, पार शिवाराच्या टोकाला. आणि तलावाचं पाणी हजेरी ऐकून येत नाही. ते वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं. लोकांनी कागद पाहिला, एकमेकांकडे पाहिलं. सरांनी इतक्या सुबक अक्षरात लिहिलंय म्हणजे त्यात काहीतरी नवं शास्त्र असणार, असं मानून कोणी बोललं नाही.

पाणी सुटलं. भैय्यालालकडे जाता जाता ते देवाजीच्या बांधीत शिरलं. देवाजीचं लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं आणि कापलेल्या मुठींचे कडपे बांधीत वाळत पसरले होते. दुपारपर्यंत ते तरंगू लागले.

दुसऱ्या दिवशी सर सकाळचा चहा घेत होते. दार वाजलं. करुणाताईंनी उघडलं, तर देवाजी, मंदाबाई आणि मागं आणखी चारपाच जण.

“मास्तर कुठं हाये?” देवाजीनं विचारलं.

इतक्या वर्षांत गावानं त्यांना ‘मास्तर’ म्हटलं नव्हतं. सर कपबशी घेऊन तसेच बाहेर आले.

“काहून जी,” मंदाबाई म्हणाली, “आमचा धान काय तुमाले बदक वाटला का? पोहाले सोडला तो?”

“माझी चूक झाली,” सर म्हणाले. “मी आजच पोरं घेऊन येतो, कडपे उलटवू, उन्हाला लावू.”

“ते तं कराच. पन कटऱ्याले पयलं पानी काहून? त्यानं तीन सालाआधी आमच्या बांधीच्या हद्दीची धुरा कोरली, तवापासून आमी बोलत नाई त्याच्याशी. अन् तुमी त्यालेच पयले पानी देता?”

सरांची कपबशी तोंडाशी जाता जाता थांबली. “बोलत नाही? मग तो चहा?”

“तुमच्या मारफत बोलत होतो नं जी,” देवाजी म्हणाला.

एवढ्यात फाटकातून भैय्यालाल आला. त्याचं गाऱ्हाणं वेगळंच. देवाजीच्या पोरांनी मध्येच माती टाकून पाणी अडवलं, त्याच्या बांधीत बेडूक बुडेल इतकंही पोचलं नाही. त्यावर देवाजी ओरडला. मागच्या माणसानं तलावातल्या मासोळीच्या वाटणीचं काढलं. दुसऱ्यानं त्याच्या आज्याच्या काळी तलावाचं दार कोणी फोडलं ते काढलं. गल्लीतल्या बाया कुंपणापाशी आल्या. सरांचा चेहरा आधी पडला होता. मग हळूहळू तो उजळायला लागला, आणि करुणाताईंना वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

“करुणा,” सर म्हणाले, “कागद. असतील तितके.”

कागद आले. सर पायरीवर बसून लिहायला लागले. “भैय्यालालजी, जरा थांबा, आधी त्यांचं तीन वर्षांपूर्वीचं होऊ द्या. हं, मंदाबाई. धुरा कोणत्या बाजूनं कोरली?”

“आता कायले लिहून राहिले?” मंदाबाईनं विचारलं. “इतके दिवस विचारत होते तवा सांगतलं नाई, कारन तुमी पाहुने होते. पाहुन्याले कोन सांगन? आता तुमी आमचे पाणकर झाले. पाणकराले नाई सांगाचं तं कोनाले सांगाचं?”

त्या दिवशी दुपारी कॉलेजची सारी फौज पळसटोल्यात उतरली आणि कडपे उलटवू लागली. सर धोतरासारखी पँट खोचून चिखलात उभे. मंदाबाईच्या सांगण्यावरून पाळी वरच्या बांधीपासून खाली अशी लागली. पण गाऱ्हाणी थांबली नाहीत, कारण आता ऐकणारा मिळाला होता. स्कूटर दिसली की लोक हात दाखवून थांबवत. कोणी न्याय मागे, कोणी नुसतं मन मोकळं करी. मार्चमध्ये प्रबंध विद्यापीठात गेला तेव्हा संघर्षाची तीन प्रकरणं झाली होती आणि मार्गदर्शकांना ‘पुरे’ म्हणावं लागलं.

पुढच्या भादव्यात नागपूरला तोंडी परीक्षा ठरली. परीक्षा खुली असते, कोणीही येऊन ऐकू शकतं, असं सर बोलता बोलता गावात बोलून गेले. त्या दिवशी सभागृहात पाहतात तो मागच्या तीन रांगा पळसटोल्यानं भरलेल्या. पुरुष धुतलेल्या टोप्यांत, बाया ठेवणीतल्या लुगड्यांत, आणि मध्ये करुणाताई.

बाहेरचे परीक्षक पुण्याहून आले होते. शांत, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी पानं उलटली आणि मागं पाहिलं. “प्रबंध वाचून मला शंका आली. इतकी भांडणं खरोखर होतात, की प्रबंधासाठी वाढवून लिहिलीत? गावकरी आलेच आहेत, तर त्यांनाच विचारू. काय हो, पाण्यावरून तुमच्यात वाद होतात?”

देवाजी हात जोडून उठला. समोरचा माणूस पुण्याचा, मोठा, परका. देवाजी काय म्हणणार ते सरांना त्याच्या आधी ऐकू आलं.

“वाद? छे जी. आमच्या गावात भांडन नाई. भावाभावासारखे राहातो.”

“हो जी,” भैय्यालाल म्हणाला. तिन्ही रांगांनी माना डोलावल्या. सरांच्या भल्यासाठी इतक्या लांब आलेली माणसं, सरांच्या भल्यासाठीच गावाचं नाव राखत होती. परीक्षकांनी पेनचं टोपण लावलं. मार्गदर्शकांनी कपाळाला हात लावला. करुणाताई पदराचं टोक पिळत बसल्या.

सर मागच्या रांगेकडे वळून अगदी सहज म्हणाले, “देवाजीभाऊ, हो, विचारायचंच राहिलं. यंदा पहिली पाळी कोणाची?”

“माहीच नं,” देवाजी म्हणाला.

“त्याची काहून?” भैय्यालाल उठला. “मांगच्या साली माह्या वाट्याचं पानी यानंच अडवलं.”

“अन् माहा धान कोनामुळं भिजला?”

“तो तं मास्तरमुळं भिजला.”

“मास्तरले कायले बोलता बाप्पा?” मंदाबाई कडाडली, आणि मग तिन्ही रांगा उठल्या. धुरा निघाली, मासोळी निघाली, आज्याच्या काळचं तलावाचं दार निघालं. परीक्षक प्रबंध चाळत होते आणि ऐकू येईल ते पानावर सापडतंय का, पाहत होते. सापडत होतं.

सर दोन पावलं पुढं गेले. “गहाणे, कटरे, खाली बसा. पाळी वरून खाली, ज्याची बांधी वर त्याचं आधी. पण खालच्याला पाणी पोचेपर्यंत तलावाचं दार बंद होणार नाही, मी स्वतः उभा राहीन. झालं?”

कुरकुर झाली. पण दोघंही बसले, आणि मागचेही बसले.

“हे निराकरण,” सर परीक्षकांना म्हणाले, थोडे ओशाळून.

परीक्षकांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं आणि सही केली.

सीताबर्डीवर करुणाताईंनी हार्डवेअरच्या दुकानातून एक मजबूत खिळा घेतला आणि पर्समध्ये टाकला. साकोलीची एसटी गच्च भरलेली होती. एकाच बाकावर खिडकीशी देवाजी, मध्ये डॉक्टर सोनकुसरे आणि कडेला भैय्यालाल, अशी अंग चोरून बसायची पाळी आली. भंडारा गेलं. पुढं एका थांब्यावर सर एका म्हातारीला जागा द्यायला उठले, ती दोन पुरुषांमध्ये न बसता पलीकडच्या बाकावर बसलेल्या मंदाबाईशेजारी गेली, तिच्यासाठी मंदाबाईनं शेजारचं आपलं पोतं उचलून सरांच्या रिकाम्या जागी ठेवलं, आणि मग ते पोतं देवाजीच्या बरगड्यांत रुतू लागलं.

“डॉक्टरसाहेब,” देवाजी म्हणाला, “भैय्यालालले म्हना, जरा सरक.”

सर दांड्याला धरून उभे होते. त्यांनी बाहेर पाहिलं. “तुम्हीच सांगा,” ते म्हणाले.

लाखनी आली, लाखनी गेली. पोतं तसंच रुतत होतं. देवाजीनं खिडकीकडे तोंड केलं, आणि बाहेरच्या धानाला सांगावं तसं पुटपुटला, “सरक नं बे.”

भैय्यालाल सरकला.