चाचांची रंग न कळणारी पोरं

नांदेडच्या आमच्या कॉलेजात, रसायनाच्या प्रयोगशाळेत चाचा होते. हुद्दा मदतनिसाचा, दरारा मात्र प्राचार्यांहून जास्त. टायट्रेशन चाललेलं असलं की सर फ्लास्ककडे बघत, चाचा पोरांच्या तोंडाकडे. वरून थेंब थेंब द्रावण सोडत राहायचं आणि फ्लास्कातलं पाणी फिकट गुलाबी झालं की थांबायचं असतं. तेव्हा जो गोंधळून इकडेतिकडे बघतो, त्याला रंग कळत नाही, हे चाचा बरोबर ओळखत.

मीही असाच सापडलो. फ्लास्क पार गडद झाला, तरी मी आपला थेंब सोडतोच आहे! चाचांनी वरच्या काचनळीची, ब्युरेटची, तोटी बंद केली. "बस कर बेटा, सरबत करून राहिला का?" सगळे हसले आणि माझी धांदरट म्हणून सुटका झाली. पोरं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "लाल-हिरव्यात बी घोळ होतो ना?" कंधारला घरीसुद्धा मी हे कुणाला बोललो नव्हतो. नुसती मान हलवली. "अरे, लई पोरांचं असतं हे. दर साली दोन-तीन निघतातच," ते म्हणाले. मला वाटलं, म्हातारा माझी समजूत काढतोय.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. नापास झालो तर पदवी गेली, वर गावभर बोभाटा. मी गयावया केली, "चाचा, रंग आला की नुसतं खोका ना!"

"खोकतो की. पण उद्या नोकरीत तुझ्या मागं कोण खोकणार? चष्मेवाला शरमतो का? मग तू कायला शरमतो? सायबाला सरळ सांग."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, इतका राग आला होता. परीक्षेला मात्र सांगून टाकलं. परीक्षक म्हणाले, "थेंब तू सोड, रंग आला की मी सांगतो." बस्स, एवढंच! चाचा कोपऱ्यात बाटल्या पुसत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

आता मी लातूरला माती तपासण्याच्या कामात आहे. रंगाचं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

गेल्या वर्षी चाचा गेले. दफन झाल्यावर बाहेर चहा घेताना चाकूरचा एक जण म्हणाला, "मला रंग कळत न्हाई. चाचांमुळं पास झालो." "मी बी तसलाच," दुसरा म्हणाला. एका टपरीवर आम्ही चौघे निघालो! त्यातला एक तर माझ्याच वर्गातला, तीन वर्षं समोरच्या टेबलाशी उभा राहिलेला. चाचांनी एकाचं गुपित दुसऱ्याला कधी कळू दिलं नव्हतं.

मला तिथंच रडू फुटलं. आम्हा दोघांना एकमेकांचं सांगायचं होतं हो चाचा. दोघं मिळून घाबरलो असतो.