शेवटची सीट

शाळेपाशी मुलं उतरली की व्हॅनवाले काका पुन्हा गाडीत चढतात आणि एकेक सीट हाताने चाचपत थेट मागपर्यंत जातात. वाकून खालीही बघतात. वाकताना पोट आडवं येतं, म्हणून मुलं फिदीफिदी हसतात.

"काका, काय हरवलं?"

"अक्कल! मागच्या उन्हाळ्यात हरवलीय."

तेव्हाची गोष्ट. सगळ्यात धाकटी पिटुकली रोज गाडीत बसताच पेंगायची. "काय गं, रात्री चोऱ्या करतेस काय?" काका चेष्टा करायचे. त्या दिवशी ती शेवटच्या सीटवरून घसरली आणि खालीच दप्तरावर डोकं टेकून झोपली. काकांनी आरशात पाहिलं, गाडी रिकामी. घराखाली उन्हात उभी केली, काचा वर, कुलूप, आणि तिसऱ्या मजल्यावर चहा.

अर्धा कप झाला असेल, शाळेतून बाईंचा फोन. "पिटुकली आज आली नाही का?"

"आली की! मीच तर..."

फोन तसाच टाकला. काका अनवाणी जिना उतरले. खाली आल्यावर कळलं, किल्ली वरच! "किल्ली टाक!" ते खालूनच ओरडले. काकूंनी गॅलरीतून किल्ली टाकली, ती हातातून निसटली, उचलली तर कुलपात जाईना. दार उघडलं आणि भट्टीसारखी धग तोंडावर आली. पिटुकलीचे केस कपाळाला चिकटलेले, गाल लालबुंद. काकांनी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. गदागदा हलवलं. काही नाही. पुन्हा हलवलं, तेव्हा एक डोळा किलकिला झाला.

"शाळा आली का, काका?"

डॉक्टरांनी तपासून, पाणी पाजून तिला घरी सोडलं. संध्याकाळी काका स्वतःच तिच्या घरी गेले. तिच्या आईने त्यांना उभं-आडवं झापलं. काकांनी मान वर केली नाही. एकच खोली, टीव्ही चालू, आणि टीव्हीच्या अगदी समोर पिटुकलीची गादी.

"उद्यापासून दुसरी व्हॅन बघतो," बाबा म्हणाले.

"जरूर बघा, साहेब. पण ती तिथेही झोपणारच. टीव्ही किती वाजता बंद होतो?"

"बारा तर सहज वाजतात," आई नवऱ्याकडे बघत म्हणाली. बाबांनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला.

पिटुकली अजून काकांच्याच गाडीत येते, आणि हल्ली वाटभर बडबड करून त्यांचं डोकं खाते. पण रोज रात्री नऊ वाजता काका तिच्या खिडकीखालून चक्कर मारतात. काचेवर टीव्हीचा निळा उजेड नसला की घरी परततात.

"अहो, मुलं झोपली सगळी. आता तुम्ही झोपा की!" काकू म्हणतात.

"झोपतोच," म्हणत काका बॅटरी घेतात आणि खाली उतरतात. रिकाम्या गाडीत शेवटच्या सीटखाली हात घालून पुन्हा एकदा चाचपतात.