साडूंची मुदतवाढ

कोरोनामुळे इंग्लंडनं युरोपशी चाललेली व्यापाराची बोलणी पुढं ढकलावीत की नाही, या प्रश्नावर अख्ख्या पवनानगरात ठाम मत असलेला मी एकटाच असेन. ढकलू नयेत, असं माझं मत होतं. कारणं विचाराल तर धडाधड दहा सांगेन, पण खरं कारण एकच. माझे साडू.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते तेव्हा इंग्लंडात, फुलं आयात करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. आमच्याकडं पॉलीहाऊसमध्ये जो लांब दांड्याचा लाल गुलाब पिकतो, त्याला पुण्याच्या मार्केटात डच गुलाब म्हणतात. पिकतो मावळात आणि नाव डच! तो विमानानं हॉलंडला जातो आणि तिथून गाडीत बसून इंग्लंडला. हॉलंड ते इंग्लंड या वाटेवरचे कागद सांभाळणं हे साडूंचं काम. माझ्या दोन शेडचा माल त्यांच्याच ओळखीनं तिकडं लागला, हे वाक्य मी सासरवाडीत इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. रोपं मी लावली, फवारणी मी केली, काटे माझ्या बोटांत मोडले, आणि फुलं गेली साडूंमुळे. घ्या!

सासरवाडी कार्ल्याला. म्हणजे जवळच, आणि तिथंच घात झाला. जावई जवळ राहिला की तो जावई राहत नाही, गडी होतो. विहिरीवरची मोटर जळाली, बोलवा पावण्यांना. भाताची पोती गिरणीत न्यायची, पावण्यांचा टेम्पो आहेच. मामींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दवाखान्यात मी न्यायचं, आणि डॉक्टरनं दिलेली गोळी घ्यावी की नाही हे फोन करून इंग्लंडला विचारायचं. पिकतं तिथं विकत नाही, हे फुलांपेक्षा जावयाला जास्त लागू आहे.

कोरोनाच्या आधीच्या धोंड्याच्या महिन्यात तर कहर झाला. अधिक महिन्यात जावयाला नारायण मानून जेवू घालतात, पुरणाचे धोंडे करतात, कपडे करतात, ताम्हन-निरांजन देतात. आणि पहिलं वाढणं थोरल्या जावयाला, ही रीत आहे. साडू नेमके सुट्टीवर आले होते. त्यांना विमानतळावरून आणलं कुणी? मीच. शेजारी शेजारी दोन पाट मांडलेले. मामी धोंड्यांचं ताट आणि तुपाची वाटी घेऊन आल्या, माझ्यावरून सरळ पुढं गेल्या आणि साडूंच्या ताटात वाढायला लागल्या. वर मला म्हणाल्या, "ते लय लांबनं आल्यात. तुमी काय, घरचंच."

परतताना मी बायकोला बोललो. ती म्हणाली, "एवढासा धोंडा, त्यात आधी काय आणि मागून काय?" म्हटलं, ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याच दिवशी मी ठरवलं होतं, पुढच्या धोंड्याला पहिलं वाढणं माझं.

पुढचा धोंडा आला दोन हजार वीस साली.

त्या वर्षी मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा माझी धाकटी मेहुणी एका लग्नासाठी कार्ल्याला आलेली होती, ती तिथंच अडकली. नवरा इंग्लंडात, बायको कार्ल्यात. मग रोज संध्याकाळी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून साडूंचं दर्शन. माझ्या टेम्पोला शेतमालाचा पास होता, त्यामुळे सासरवाडीला किराणा, औषधं, भाजी पोचवायला मीच. पोचलो की मलाही त्या फोनसमोर बसवायचे. साडूंच्या मागं पांढरी भिंत आणि खिडकीत एक कुंडी. मामी ती कुंडी बघूनसुद्धा हरखायच्या. माझ्याकडं दोन शेड भरून गुलाब उभे होते, आणि त्यांना कौतुक त्या कुंडीचं!

त्या गुलाबांचं काय चाललं होतं तेही सांगतो. विमानं बंद, लग्नं बंद, देवळं बंद. पण झाडाला लॉकडाऊन कळत नाही. फूल उमललं की तोडावंच लागतं, नाहीतर झाड बिघडतं. रोज सकाळी तोडा करायचा आणि पाट्या भरभरून खड्ड्यात ओतायच्या. मजूर मान खाली घालून ओतायचे. मी तिथं उभाच राहायचो नाही, पंपाकडं निघून जायचो.

एका संध्याकाळी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, फोनमध्ये तोंड घालून विचारलं, "तुमच्या इंग्लंडचं नि युरोपचं वाटणीपत्र कुटवर आलं?" साडूंनी समजावून सांगितलं. इंग्लंड वेगळं झालंय, पण हे वर्ष संपेपर्यंत सगळं जुन्याच नियमानं चालणार. तेवढ्यात व्यापाराचा नवा करार व्हायला हवा. नाही झाला तर फुलांना कर, तपासणी, कागदांचे ढीग. मुदत वाढवून मिळू शकते, पण इंग्लंडनं ती जूनअखेर मागायला हवी.

"आणि मागायलाच हवी," साडू म्हणाले. "बोलणी करणारेच आजारी पडलेत, मामा. माणसं मरतायत, आणि हे स्क्रीनवर बसून कराराचे कागद वाचणार? अशात घाईनं केलेला करार कुणाच्या कामाचा? मुदत वाढली की आमच्या कंपनीलाही श्वास मिळेल. तोवर विमानं सुरू होतील, मला रजा मिळेल. धोंड्याला मी कार्ल्यात, बघाच तुम्ही."

"अगं बया, धोंड्याला येनार म्हना की!" मामींनी लगेच पदर डोळ्यांना लावला. मेहुणी तर फोनला ओठ लावायचीच राहिली.

माझ्या मनातही तेच होतं, की मुदत वाढावी. साधी गोष्ट आहे, घरात ताप असताना कुणी जमिनीच्या गोष्टी काढत नाही. शिवाय मुदत वाढली असती तर माझेही गुलाब जुन्याच वाटेनं बिनबोभाट गेले असते. पण हे सगळं साडू आधी म्हणाले ना! आणि वर धोंड्याला येणार म्हणाले.

"काही गरज नाही मुदतीची," मी म्हणालो.

सगळी घरादाराची तोंडं माझ्याकडं वळली. म्हटलं, आता सोडायचं नाही. "आमच्या वाटणीच्या वेळी वडील अंथरुणाला खिळलेले. भावकी म्हणाली थांबा, आम्ही थांबलो. झालं काय? एका विहिरीवर दोन मोटरी आणि रोज सकाळी शिव्यांनी तोंड धुणं. वेगळं व्हायचं ठरलं ना? मग दुखणंखुपणं बघत बसू नये. तुकडा पाडावा आणि मोकळं व्हावं."

साडू फोनच्या जवळ सरकले. मग म्हणाले, "पण साडूभाऊ, वाटणी लांबली म्हणून तुमच्या वडिलांना एका घरात डोळे मिटता आले ना?"

खरंच होतं ते. आणि खरं होतं म्हणून तर मला जास्त चीड आली. इंग्लंडात बसून या माणसानं माझ्या वडिलांचं मरण माझ्यापेक्षा नीट समजून घेतलं होतं. मामा मान डोलवत होते. मी टेम्पोची किल्ली उचलली आणि निघालो.

वाटेत एकवीरेच्या डोंगराखाली गाडी थांबवली. देऊळ बंद होतं, म्हणून रस्त्यावरूनच हात जोडले आणि म्हणालो, आई, इंग्लंडला मुदतवाढ मिळू देऊ नको. आता आठवलं की हसू येतं, पण तेव्हा मी अगदी मनापासून मागत होतो. बायकोला वास आलाच. "तुम्हाला इंग्लंडची एवढी काळजी कधीपासून?" ती म्हणाली. "आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करताय, कळतंय ना?" कळत होतं. नाक माझंच होतं, दोन शेडभर.

आणि आई पावली! जून सरत आला आणि साडूंनीच पडेल आवाजात सांगितलं, इंग्लंडच्या सरकारनं मुदत मागितलीच नाही, उलट मागणार नाही म्हणून सांगून मोकळे झाले. धोंड्याचं काही खरं नाही आता, रजा कसली मिळतेय. मेहुणी उठून आत गेली. मी चेहरा जमेल तेवढा पाडला, आणि घरी येताना पावशेर पेढे घेतले. बायकोनं विचारलं, कशाचे? म्हटलं, कोल्डरूमची मोटर दुरुस्त झाली. तिनं एक पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला पुढचा पेढा गोड लागला नाही.

पण पुढं काय वाढून ठेवलंय हे मला कुठं माहीत! साडूंचं कामच हॉलंडच्या वाटेवरचं. धंदा आधीच बसला होता, त्यात पुढच्या वर्षी ती वाट कशी असेल याचा पत्ता नाही. कंपनीनं त्या वाटेवरची माणसं कमी केली, त्यात साडू गेले. नोकरी गेली म्हणजे तिथलं राहणंही गेलं. खास विमानं सुरू झाली होती, त्यातल्या एकात बसून ते परत आले. नेमका अधिक महिना लागलेला.

मी मागितलं होतं की ते धोंड्याला येऊ नयेत. ते कायमचे आले.

कार्ल्यात लोक कुरकुरायला लागले, परदेशातला माणूस गावात नको म्हणून. मामींचा मला फोन. "पावणं, तुमच्या प्याकिंगच्या खोलीत ऱ्हाऊ द्या की त्यास्नी थोडं दिस. दुसरं कुटं ठेवू मी?" ठेवले. माझ्याच खोक्यांची चळत बाजूला सारून खाट टाकली. दोन्ही वेळचं ताट दारात ठेवायला मीच. साडू खिडकीपाशी बसलेले असायचे, मास्क लावून. मूळचे गोरेगोमटे, ते पार उतरले होते. एकदा म्हणाले, "साडूभाऊ, तुमचं बरंय. तुमच्या पायाखाली जमीन आहे."

वाईट वाटलं का? वाटलं ना, मी काही दगड नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक गुदगुली होती. आता दोघं सारखे. आता लांबून आलेलं कुणी नाही, तिकडची नोकरी नाही, कुंडी नाही. आता थोरला तो थोरला. धोंड्याचं जेवण अजून व्हायचं होतं.

खोलीतले दिवस संपले, त्यांची तपासणी चांगली आली आणि अधिक महिना सरायच्या आत मामींनी दोन्ही जावयांना बोलावलं. मी नवा शर्ट घातला. दोन पाट, पुढं रांगोळी. बाहेरचं कुणी नाही, घरचेच सहा जण. मामींनी आमचे पाय धुतले, टिळे लावले. आत कढईतला शेवटचा घाणा चुरचुरत होता. मग त्या धोंड्यांचं ताट घेऊन बाहेर आल्या, आणि माझ्यावरून पुढं गेल्या.

"लय सोसलं वो त्यांनी," त्या साडूंपुढं वाकत म्हणाल्या. "बगा की, पार वाळून गेल्यात."

माझं डोकंच फिरलं. इंग्लंडात होते तेव्हा इंग्लंडात आहेत म्हणून मान, आता इंग्लंड सुटलं तर सुटलं म्हणून मान! मग मी काय कुणाचं घोडं मारलंय?

"मामी," मी म्हणालो, "आधी मला वाढा."

त्यांचा हात वाकल्या जागी थांबला. "काय म्हनला?"

"आधी मला. थोरला मी आहे."

पन्नाशीला आलेला माणूस मी, टक्कल पडलेला. बायकोनं कपाळावर हात मारला. मामा भिंतीकडं बघायला लागले. मामी दोन पावलं मागं आल्या, "अवो मग आजवर तोंडात काय गुळणी धरलीवती व्हय?" म्हणाल्या आणि माझ्या ताटात दोन धोंडे ठेवून वर तुपाची धार सोडली. पहिलं वाढणं. माझ्या ताटात.

आणि साडू हसले. आल्यापासून पहिल्यांदाच हसले. "थोरला मी आहे," असं माझ्यासारखंच म्हणून दाखवत खदखदून हसले, आणि हसता हसता त्यांचा आवाज फाटला. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते रडायला लागले. थांबेचनात. मामींनी ताट तसंच खाली टेकवलं आणि त्यांना लहान पोरासारखं जवळ घेतलं. मेहुणी धावली. मामासुद्धा उठले, त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

मी पाटावर बसून होतो, ताटात तुपात न्हालेले दोन धोंडे. चार महिने मी रोज पाट्या भरून गुलाब खड्ड्यात घातले होते, आणि माझ्या पाठीवर एकाचाही हात पडला नव्हता. मी रडलो नव्हतो म्हणून. मला त्यांच्या त्या रडण्याचाही हेवा वाटला. इतका, की घास घेण्यासाठी उचललेला हात तसाच राहिला.

शेजारी बायको उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "खा आता. मागून घेतलंय ना."