मिस लिमचा मे महिना

हसणार नसाल तर सांगतो. हसणारच असाल, तर आधी तोंडातला चहा गिळून घ्या. माझ्या फजितीपायी कुणाला ठसका लागायला नको.

मी तेव्हा सिंगापुरात, बुओना व्हिस्टाच्या एका ऑफिसात सल्लागार होतो. आमच्या युरोपातल्या कंपनीचं पंपाचं तंत्रज्ञान व्हिएतनामच्या कारखान्यात न्यायचं आणि वाटेत कुणाचा गैरसमज होऊ द्यायचा नाही, हे माझं काम. माझी डॉक्टरेटही त्यातलीच. परक्या देशात तंत्रज्ञान का अडतं? तर समोरचा काय म्हणतो ते कुणी नीट ऐकत नाही म्हणून. हे शोधायला मला कित्येक वर्षं लागली. विद्वत्ता बघा.

माझा करार संपत आला होता. या वयात दुसरं कोण विचारणार? निदान हे काम तरी बिनचूक व्हावं, या काळजीने झोप उडाली होती.

कारखान्याची तयारी मिस लिम बघायची. सिंगापूरचीच, हुशार, मोजकं बोलणारी. तिला विचारलं, "या वर्षी तिथे पंप बनायला लागतील?"

ती म्हणाली, "कॅन मे?"

चला, महिनासुद्धा सांगून टाकला. पण मी पडलो शंकेखोर. पुन्हा विचारलं, "कॅन? मे?"

ती खळखळून हसली. "या लोर, कॅन मे!" 'या लोर' म्हणजे इथलं 'हो ना', एवढं मला कळत होतं.

एवढी खात्री मला माझ्या लग्नातही कुणी दिली नव्हती. मी मुख्य ऑफिसला कळवून टाकलं: मे.

तिकडे आनंदीआनंद. उद्घाटन ठरलं, पाहुणे ठरले, बड्या साहेबांची तिकिटं निघाली. माझं कौतुक करणारी मेल आली. करार वाढणार असाच सूर होता.

संध्याकाळी टॅम्पिनीसच्या घरी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. ती भेंडी चिरत होती.

"नेमकं काय म्हणाली ती?"

"कॅन मे."

सुरी थांबली. "अहो, मी मासेवाल्याला म्हणते, जरा कमी कर. तो म्हणतो, कॅन मे? म्हणजे तो मासा मला मे महिन्यात देणार असतो का?"

"म्हणजे?"

"म्हणजे, इथे शेवटी 'मे' लावलं की शंका: 'जमेल असं वाटतंय तरी का तुम्हाला?'"

"मग मी पुन्हा विचारल्यावर ती हसली कशाला?"

"तुम्हीही तेच म्हणालात ना! तिला वाटलं, डॉक्टरांनाही शंका आहे. एकमत झालं की तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मिस लिमला गाठलं.

"डॉक्टर, साचेच अजून युरोपातून निघाले नाहीत," ती म्हणाली. "तिथल्या माणसांना शिकवायचंय. आणि मे?"

हा मे मात्र महिन्याचा होता. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

मुख्य ऑफिसला फोन करून सगळं कबूल केलं. मग साहेबांनी अतिशय सौम्यपणे विचारलं, "डॉक्टर, तुमचा प्रबंध नेमका कोणत्या विषयावर होता?"

उद्घाटन पुढे गेलं. मी सामान बांधायच्या तयारीत होतो, पण करार वाढला. युरोपातून येणाऱ्या नव्या साहेबांना इथलं बोलणं समजावं, म्हणून कंपनीने एक वर्ग सुरू केला. शिकवायची मिस लिम. मला नुसतं शेजारी बसवायचे. 'कॅन मे' ऐकून खरोखर कुणी महिना ठरवू शकतं, यावर नव्या मंडळींचा विश्वास बसत नसे, पुरावा लागायचा.