देश वर गेला, वहिनी राहिली

माझ्या वहिनीला गल्लीत सगळे डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि त्यामुळे आमच्या दारात अधूनमधून कुणीतरी खोकत येऊन उभं राहतं. सुरुवातीला ती प्रत्येकाला नीट समजावून सांगायची, की मी अर्थशास्त्राची डॉक्टर आहे, गोळ्याऔषधांची नाही. लोक सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "बरं, पण ताप उतरायला काय घेऊ?" आता ती सरळ कोपऱ्यावरचा दवाखाना दाखवते आणि दार लावून घेते. गरीब देश गरीब का राहतात आणि काय केलं म्हणजे तिथल्या लोकांचं बरं होईल, हा तिचा अभ्यास. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, पाणीपुरवठ्याच्या पंपावर मोटारी चालू-बंद करतो. तो म्हणतो, "एवढं शिकण्यापेक्षा मला विचारलं असतंस तर चहावर सांगितलं असतं."

मी तिची नणंद. लग्न मोडल्यापासून इथेच राहते. पुढच्या खोलीत माझं शिलाईमशीन आहे आणि शाळांचे गणवेश शिवून मी आपलं पोट भरते. वहिनीचं आणि माझं पटतं, भांडणांसकट पटतं. म्हणून हे मी सांगते आहे, आणि रागानं सांगते आहे. ज्याला शांतपणे ऐकायचं असेल त्यानं दादाकडे जावं.

वहिनी सरकारच्या आकडेवारीच्या कार्यालयात नोकरी करते. तिसरा मजला, लिफ्ट कायमची बंद, आणि जिन्यात जुन्या खुर्च्यांची अशी चळत, की अंग चोरून वर जावं लागतं. तिच्या टेबलावरचा पंखा लावला तर कागद उडतात, बंद केला तर माणूस उकडून निघतो. दिवसभर ती मंत्र्यांच्या भाषणांसाठी तक्ते करते. "शेतीत किती वाढ?" "उद्योगात किती?" "जरा बरा दिसेल असा काही आकडा आहे का?" पण तिच्या डोक्यात कित्येक वर्षं एकच प्रश्न घर करून बसला आहे. माझ्यासारख्या घरात बसून काम करणाऱ्या बायकांची ऑर्डर थांबली की त्या काय करतात? काय विकतात, कुणाचं जेवण कमी करतात, मुलाला शाळेतून काढतात की मुलीला, आणि काम परत आलं की ते भरून निघतं का? हा अभ्यास तिला करायचा होता. कार्यालयात त्याला वेळ नाही आणि साहेबांना त्यात रस नाही.

म्हणून ती फेलोशिप. परदेशातली एक संस्था गरीब देशांतल्या, करिअरच्या सुरुवातीला असलेल्या अर्थतज्ज्ञांना एका मोठ्या विद्यापीठात वर्षभर बोलावते. स्वतःचं टेबल, ग्रंथालय, शिकवायला नावाजलेले लोक आणि तुमचा स्वतःचा प्रश्न. तक्ते नाहीत. वहिनी हे सांगताना लहान पोरीसारखी दिसायची, आणि तिच्या कानांमागचे केस तर कधीच पांढरे झाले आहेत. सुरुवात म्हणजे डॉक्टरेट मिळाल्यापासून सात वर्षं, असा त्यांचा नियम.

पहिल्या वर्षी घोडं अडलं शिफारसपत्रावर. तिच्या गाईडनी शंभर जणांना दिलेलं तेच पत्र तिलाही दिलं, 'सदर उमेदवार मनमिळाऊ व वक्तशीर आहे.' संशोधनाबद्दल एक अक्षर नाही. आमच्याकडे याला चांगलं पत्र म्हणतात. तिकडे म्हणे याचा अर्थ असा, की लिहिण्यासारखं काही सापडलं नाही. दुसऱ्या वर्षी उत्तर आलं, की विषय उत्तम आहे, पण एका देशापुरता मर्यादित आहे. मी म्हटलं, "मग निवडलेले काय चंद्राबद्दल लिहितात?"

वहिनी चिडून म्हणाली, "त्यांच्या एका शहराबद्दल लिहिलं की ते सगळ्या जगाबद्दल असतं. आपल्याबद्दल लिहिलं की आपल्यापुरतं."

तिसऱ्या वर्षी तिनं पुन्हा अर्ज भरला. दादानं विचारलं, "अजून किती वेळा?"

"ही शेवटची," ती म्हणाली. "माझी सुरुवात यंदा संपते."

मुलाखत संगणकावर होती, आणि आमच्या घरात इंटरनेट नीट येतं ते फक्त माझ्या खोलीत, खिडकीजवळ. मी मशीन बंद केलं, शर्टांचे गठ्ठे पलंगाखाली ढकलले आणि दाराबाहेर पहारा देत बसले. नेमकी तेव्हाच एक बाई मुलाची पँट घेऊन आली, आत्ताच्या आत्ता चेन बसवून द्या म्हणून. मी तिला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. "आत कुणी आजारी आहे का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "हो, फार." आतून वहिनीचं इंग्रजी ऐकू येत होतं, आधी अडखळत, मग धडधडत. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ती भांडत नव्हती आणि गयावयाही करत नव्हती, एवढं कळलं. पंधरवड्यानं निवड झाल्याची मेल आली. त्या दिवशी दादानं बाजारातून नवी बॅग आणली, चाकांची. वहिनी म्हणाली, "अरे, अजून अवकाश आहे." तरी तिनं ती दोनदा उघडून पाहिली.

आता आकड्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

याच्या दोन वर्षं आधी कार्यालयानं घराघरांची मोठी पाहणी काढली होती. कोण काय काम करतं, किती कमावतं, असं विचारत माणसं फिरत होती. आमच्याकडेही एक जण आला. माझ्या तोंडात टाचण्या, मांडीवर बावीस नंबरच्या शर्टाची बाही. त्यानं विचारलं, "तुम्ही काम करता का?" मी टाचण्या काढल्या आणि म्हटलं, "नाही हो, घरीच असते." त्यानं तसं लिहून घेतलं आणि पाणी पिऊन गेला. वहिनी आतून ऐकत होती. ती बाहेर आली ती तणतणतच. "घरीच असतेस? मग हे काय करते आहेस?"

"हे होय," मी म्हटलं, "हे तर मी करतेच."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात जाऊन तिनं साहेबांचं डोकं खाल्लं आणि पाहणी थांबवून प्रश्न बदलून घेतला. 'काम करता का' हे काढलं. त्या जागी आलं, 'गेल्या आठवड्यात विकण्यासाठी काही शिवलं, विणलं, शिजवलं, निवडलं, चिकटवलं का?' आणि चमत्कारच झाला म्हणायचा. ज्या घरांत आधी 'काही करत नाही' असं लिहिलं होतं त्या घरांतून शिवणाऱ्या, विणणाऱ्या, पाकिटं चिकटवणाऱ्या बायका भराभर बाहेर पडल्या. लाखोंनी. त्यांची कमाई देशाच्या उत्पन्नात कधी धरलीच नव्हती. ती आता धरायची ठरली, आणि देशाचं माणशी उत्पन्न नव्यानं मांडायचं काम वहिनीच्याच टेबलावर आलं. मला तेव्हा फार गंमत वाटली. मी शिवलेल्या कॉलरी देशाच्या हिशेबात! मी गिऱ्हाइकांना सांगत सुटले होते.

बॅग आणून महिना झाला असेल. एका दुपारी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. तिनं घरी येऊन जसं सांगितलं तसं सांगते. साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचा नवा आकडा पाहिला. तुमच्या लक्षात आलं आहे ना? यानं आपण रेषेच्या वर जातो."

रेष म्हणजे गरीब देशांची. दरवर्षी जगातल्या देशांची यादी होते, माणशी उत्पन्नावरून. रेषेखाली असलात तर गरीब, वर गेलात तर नाही. आणि वहिनीच्या फेलोशिपच्या नियमात लिहिलेलं होतं, की उमेदवाराचा देश यंदाच्या यादीत रेषेखालीच हवा.

तिच्या लक्षात आलं नव्हतं! एवढी हुशार बाई, रात्रंदिवस आकडे चाळते, आणि देशाचं उत्पन्न मांडताना आपण कुठे उभे आहोत हे तिनं बघितलंच नाही. मला अजून राग येतो.

साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "यादी पुढच्या महिन्यात ठरते. आकडा त्यानंतर गेला तर तुमचं काम होऊन जाईल. तुम्ही फक्त एक शेरा मारा, 'फेरतपासणी आवश्यक.' मी दोन महिने फाइल दाबून ठेवतो. कुणी विचारणार नाही."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जे भांडण झालं तसं आजवर झालं नव्हतं. दादा म्हणाला, "मार की शेरा! कुणाचं काय जातंय? आमच्याकडे गेज बिघडलं की आम्ही महिनामहिना अंदाजानं आकडे भरतो."

"म्हणूनच नळाला पाणी येत नाही," ती म्हणाली.

मग मी मध्ये पडले. "वहिनी, दोन महिन्यांनी तोच आकडा जाणार आहे ना? बिघडतं काय?"

"शेरा कुणी मारला ते लोक बघणार नाहीत का? ज्यांना या बायका नकोच आहेत असे दहा जण कार्यालयात टपून बसलेत. म्हणतात, हे काय काम आहे का, हा फावल्या वेळचा उद्योग. मीच लिहिलं की माझ्या मोजणीत शंका आहे, की झालं. ते सगळंच काढून टाकतील. परत तुम्ही सगळ्या काही न करणाऱ्या."

"असू दे! राहू काही न करणाऱ्या!" मी ओरडले. "इतकी वर्षं होतोच की! आमचं काय अडलं? तू जा."

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "माझ्या मोजणीत चूक नाहीये गं. चूक असती तर किती बरं झालं असतं."

दादानं ताट सरकवलं आणि तो उठून बाहेर गेला. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. खरं तर मीही बोलले नाही. मशीन मात्र मी मुद्दाम जोरात चालवत होते.

तिनं शेरा मारला नाही. सही केली. त्याआधी फेलोशिपवाल्यांना सगळं खरंखरं लिहून कळवलं, की देश कागदावर वर गेला असला तरी माणसं तीच आहेत, माझा पगार तोच आहे, अपवाद करता येईल का. मी रोज विचारत होते, आलं का उत्तर. यादी लागली, आपला देश वर गेला, मंत्र्यांनी भाषण केलं, वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर छापलं. आम्ही श्रीमंत झालो त्या दिवशी आमच्या नळाला पाणी नव्हतं, आणि दादा पंपावरच होता. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वहिनीनं ते मला मराठीत वाचून दाखवलं. 'आपल्या देशाच्या प्रगतीबद्दल हार्दिक अभिनंदन. दुर्दैवाने आपण आता पात्र नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.'

शिव्या मला भरपूर येतात, पण त्या वेळी एकही पुरेशी वाटली नाही. गोड बोलून तोंडाला पानं पुसली होती तिच्या. मी रडले. ती रडली नाही, तिनं संगणक बंद केला आणि नेहमीसारखी कणीक मळायला घेतली. कणीक पार पातळ झाली आणि तिच्या ते लक्षातच आलं नाही. दादानं मागून येऊन परात काढून घेतली. भांडणानंतर तो पहिल्यांदाच नीट बोलला. म्हणाला, "सरक, मी करतो." त्याला कणीक मळता येत नाही.

नंतर कार्यालयात तिचं कौतुक झालं. साहेबांनी चारचौघांत अभिनंदन केलं आणि नव्या आकड्याचे सगळे तक्ते तिच्याच गळ्यात घातले. आता तिला आधीपेक्षाही वेळ नाही.

आणि परवा आणखी एक मेल आली. प्रतीक्षायादीवरून वहिनीच्या जागी घेतलेल्या मुलीची. कुठल्यातरी दूरच्या देशातली पोर. घरी बसून टोपल्या विणणाऱ्या बायकांवर तिला काम करायचं आहे. तिच्याकडच्या बायकाही म्हणे काम करता का विचारलं की नाही म्हणतात. मुलाखत घेणाऱ्या बाईंनीच तिला वहिनीचं नाव सुचवलं होतं. जाण्याआधी ती नोकरी करते त्या सरकारी कार्यालयाकडूनही घराघरांची पाहणी व्हायची आहे. तर तुमचे प्रश्न आम्हाला वापरता येतील का, असं तिनं विचारलं होतं, फार अदबीनं.

"नाही म्हणून लिही," मी म्हटलं. "आपली जागा घेतली, वर आपले प्रश्न पण हवेत? चांगलं आहे!"

वहिनीनं संगणक उघडला. माझ्या खिडकीशी बसून बराच वेळ टाइप करत राहिली. मला राहवेना. मी मशीन थांबवून विचारलं, "काय लिहिलंस एवढं?"

तिनं वाचून दाखवलं. "प्रश्न सोबत पाठवते आहे. तसेच्या तसे वापर, एकही शब्द गाळू नकोस, बायका नक्की सापडतील. फक्त आकडा जाहीर व्हायच्या आत विमानात बस."