तेव्हा फ्रिज नव्हता

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरी गावच्या समर कॅम्पमध्ये एक काकू मुलांना जुन्या अमेरिकन पायोनियरांसारखं, म्हणजे रानात पहिली वस्ती करणाऱ्यांसारखं, राहायला शिकवतात. झालरीची टोपी, पायघोळ झगा आणि दर दोन वाक्यांनी ‘तेव्हा फ्रिज नव्हता.’ मी मदतीला जातो आणि त्यांना जरा टरकूनच असतो.

काल मुलांनी बरण्यांत क्रीम घुसळून लोणी काढलं. त्याच्याबरोबर खायला ब्रेड आणायला कॅम्पच्या अमेरिकन डायरेक्टर बाई गावात गेल्या. तेवढ्यात “तेव्हा फ्रिज नव्हता,” म्हणत काकूंनी सगळं लोणी शेकोटीवर कढवून तूप केलं. बाई परतल्या, तर लोणी गायब. काकूंनी शांतपणे पातेल्याच्या तळाची खरपूस बेरी खरवडली, साखर घातली आणि बाईंच्या हातावर ठेवली.

बाईंनी बोटं चाटत विचारलं, “पायोनियर हे रोज खायचे?”

काकू टोपीची नाडी आवळत म्हणाल्या, “रोज कुठलं? तूप कढवलं की त्या दिवशी.”